खोडलेलं वाचता आलं पाहिजे

नोकरी संपवून रिसोडला कायमची राहायला आले, त्याच आठवड्यात शेजारच्या काकू ठेचा घेऊन आल्या आणि दारातच म्हणाल्या, "तुमी नागपूरले मानसायवर औषधं करून पाहत होत्या म्हने. खरं हाय काय?" मी खरं आहे म्हटलं. काकूंनी ठेच्याची वाटी दिली, पण हात जरा लांब करून दिली.

मग त्यांना बसवलं, चहा केला आणि समजावून सांगितलं. सांगता सांगता लक्षात आलं की इतकी वर्षं हे काम केलं, पण घरच्या माणसांनाही ते कधी धड सांगितलेलं नाही. घरी विचारलं की मी "पेशंटचं काम" म्हणून मोकळी व्हायचे. दिवाळी अंकाच्या संपादकांनी लिहा म्हटल्यावर पहिल्यांदा नाही म्हणाले होते. काकूंचा तो लांब केलेला हात आठवला आणि लिहायला बसले.

मी मुळात नर्स. जठर, आतडी, यकृत, स्वादुपिंड अशा पोटातल्या कॅन्सरच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली आणि नंतर त्याच रुग्णालयात नव्या औषधांच्या चाचण्यांची समन्वयक झाले. समन्वयक हा शब्द भारदस्त आहे. काम मात्र साधं. पेशंटला गोळी वेळेवर घ्यायला लावायची, रिकामी पाकिटं परत मागून उरलेल्या गोळ्या मोजायच्या, ठरलेल्या मिनिटाला रक्ताच्या नळ्या भरून घ्यायच्या आणि एकच गोष्ट तीन कागदांवर लिहायची. डॉक्टर औषध ठरवत, कंपनी पाठवत असे, आणि दोघांच्या मधोमध आमची धावपळ चाले. माझं माहेर-सासर दोन्ही वाशिम जिल्ह्यातलं, त्यामुळे इकडचे पेशंट आपोआप माझ्या वाट्याला यायचे.

औषध दुकानात येण्याआधी बऱ्याच पायऱ्या चढतं. आमची पायरी अगदी खालची. जनावरांवर करून झालेलं आणि माणसात नुकतंच आलेलं औषध आमच्याकडे यायचं. त्याला अजून नावही नसे, नंबर असे. घेणारी माणसं अशी, की ज्यांचा आजार पसरलेला आहे आणि नेहमीचे उपचार करून संपले आहेत. आणि 'या औषधाने गुण येतो का' हा आमचा पहिला प्रश्नच नसायचा. 'शरीराला हे किती सोसतं' हा पहिला प्रश्न. तिघांना एक डोस द्यायचा आणि अठ्ठावीस दिवस बघायचं. तिघेही नीट राहिले तर पुढच्या तिघांना वाढवून द्यायचा. एखाद्याला मोठा त्रास झाला तर वाढवायचं थांबवून त्याच डोसवर आणखी तीन माणसं घ्यायची, आणि त्यांच्यातही कुणाला झाला तर एक पायरी खाली उतरायचं. नवशिकी बाई मीठ चाखत चाखत टाकते तसंच हे. फक्त इथे चाखणारं माणूस दुसरं असतं.

हे सगळं पेशंटला आधी सांगावं लागतं, कॅमेऱ्यासमोर, आणि मग सही. संमतीपत्रात एक वाक्य असतं, 'या औषधाचा तुम्हाला फायदा होईलच असे सांगता येत नाही.' ते मी मुद्दाम दोनदा वाचायचे. गोरगरिबांना फसवून सह्या घेतात असं लोक बोलतात. कुठे तसं होत असेलही, माझ्या टेबलाशी बसलेली माणसं मात्र तशी नव्हती. ती ते वाक्य ऐकून घ्यायची, खाली बघायची आणि मग बहुतेक जण एकच विचारायचे, मला नाही तर पुढे कुणाला तरी होईल ना? मी हो म्हणायचे. तेवढं एक मला छातीठोकपणे म्हणता यायचं.

आता माणसांकडे वळते. इथली नावं मी बदलली आहेत. आमच्या कागदांवरही पेशंटचं नाव नसायचं, नंबरच असायचा.

शिरपूर जैनचे एक कापड दुकानदार होते, शेठजीच म्हणू. स्वादुपिंडाचा कॅन्सर. गोळी सकाळ-संध्याकाळ, बारा तासांच्या अंतराने. शेठजींनी संमतीपत्र शांतपणे ऐकलं, औषधाने काय काय होऊ शकतं त्याची दीड पानांची भीतिदायक यादी ऐकली, आणि म्हणाले की बाकी सगळं मान्य आहे, पण सूर्य मावळल्यावर मी पाणीसुद्धा घेत नाही आणि उगवायच्या आत तोंडात काही घालत नाही. हिवाळ्याचे दिवस. सूर्य जेमतेम अकरा तास असायचा. मी कंपनीला लिहिलं. उलट प्रश्न आला की पेशंटला थोडं जुळवून घेता येणार नाही का? शेठजींना विचारलं. ते हसून म्हणाले, सूर्यालाच विचारा. मग आठ दिवस साहेब लोकांचे निरोप इकडून तिकडे, की वाशिम जिल्ह्यात सूर्य नेमका किती वाजता मावळतो. शेवटी दीड तासाची सूट मिळाली आणि त्या सुटीत शेठजींनी शेवटपर्यंत एकही गोळी चुकवली नाही. औषधाने त्यांना गुण आला नाही. पण आपला नेम न मोडता आमचा नेम पाळणारा असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

ज्या माणसामुळे हे लिहावंसं वाटलं, तो मात्र दुसराच. देवराव.

रिसोडपासून दोन-तीन मैलांवर त्यांची भाजीपाल्याची वाडी. मेथी, पालक, सांबार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी. माणूस साठीच्या आतबाहेर, हडकुळा, बोलायला कमी. जठराचा कॅन्सर यकृतात गेलेला. बायको सुमनबाई कायम सोबत, आणि बोलायचं काम तिच्याकडे. नव्या औषधाच्या डोसच्या तिसऱ्या पायरीवर जे तिघे घेतले, त्यातले देवराव शेवटचे.

दर आठवड्याला ते नागपूरला यायचे आणि येताना माझ्यासाठी मेथीची जुडी आणायचे. आम्हाला पेशंटकडून काही घेण्याची मनाई. मी डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले की नाशवंत वस्तूचा नियमात उल्लेख नाही आणि अर्धी जुडी माझ्याकडे पाठवा. देवरावांची जुडी बघत राहावी अशी असायची. मुळं एका रेषेत, आणि बांधायला वाळलेल्या केळीच्या सोपाची, म्हणजे खोडाच्या सालीची, पट्टी. गाठ नाही. दोन वेढे, एक पीळ आणि टोक बोटाने आत खोचलेलं. ओढलं तर सुटायचं नाही, आणि टोक धरून उलट फिरवलं की एका झटक्यात मोकळं. मी दोन-तीनदा करून पाहिलं, जमलं नाही.

पेशंटला आम्ही एक डायरी देतो. रोज गोळी किती वाजता घेतली आणि काय त्रास झाला ते लिहायचं. कंपनीच्या मराठीत त्याला 'प्रतिकूल घटना' म्हणतात. मी सांगायचे, "काहीही झालं तर लिहा. शिंक आली तरी लिहा." लोक काय काय लिहितात. एका आजीने सुनेशी झालेली भांडणं वेळेसकट लिहिली होती. देवरावांची डायरी आरशासारखी स्वच्छ. रोज दोन वेळा, वेळ बरोबर, आणि त्रासाच्या रकान्यात एकच शब्द, 'ठीक'.

इथे माझी चूक झाली. दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात मी ती डायरी बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटांसमोर उंच धरली आणि म्हणाले की बघा, डायरी अशी असावी, आणि पेशंट असा असावा, कुरकुर नाही, काही नाही. देवराव लाजून जमिनीकडे बघत होते. मला फार बरं वाटलं. मास्तरकी करायची हौस होतीच मला.

अठ्ठाविसाव्या दिवशी, गुरुवारी, ते शेवटच्या तपासणीला आले. डॉक्टरांनी विचारलं, हातपाय? ठीक. जेवण? आता अर्धी भाकर जाते, पोटातली कळ कमी आहे. हे ऐकून डॉक्टरही खूश झाले. रक्त चांगलं होतं. डायरीत अठ्ठावीस दिवसांचे 'ठीक'. अक्षर जरा मोठं होत गेलेलं दिसलं, मला वाटलं चष्मा बदलायला झाला असेल. तिघेही निभावले होते, त्यांची गोळी पुढे चालू राहणार होती. सोमवारी बैठक होती, आणि पुढच्या तिघांना डोस वाढवायचा हे जवळजवळ ठरल्यातच जमा होतं. पुढच्या तिघांपैकी एक बाई आमच्याच जिल्ह्यातल्या, मेडशीच्या. त्यांचं संमतीपत्र मीच वाचून दाखवलं होतं.

संध्याकाळी खोलीवर मेथी निवडायला घेतली. सवयीने टोक धरून उलट फिरवलं, तर काही सुटेना. बघते तर सोपाची पट्टी नाही, सुतळी. सुतळीला करकचून मारलेल्या दोन गाठी. मुळंही खालीवर. जो माणूस आजारपणातही मुळं एका रेषेत लावून जुडी देतो, तो आठवडाभरात अशी बांधणार नाही. आणि मग ते मोठं होत गेलेलं अक्षर आठवलं.

शुक्रवारी सकाळची गाडी पकडून दुपारी वाडीवर पोचले. देवराव लिंबाखाली बाजेवर बसले होते. सुमनबाई सांबाराच्या जुड्या बांधत होती, सुतळीने. मला बघून तिने देवरावांकडे पाहिलं आणि काम थांबवलं. मी पाणी प्यायले, पिकाची विचारपूस केली आणि मग मूठभर सांबार आणि सोपाची एक पट्टी देवरावांपुढे ठेवली. म्हटलं, ती तुमची गाठ शिकवा मला, आजवर जमली नाही.

त्यांनी पट्टी उचलली. पहिला वेढा बसला. दुसऱ्याला पट्टी बोटांतून निसटली आणि मांडीवर पडली, तरी बोटं चिमटीतच होती. पट्टी पडली हे त्यांना डोळ्यांनी बघावं लागलं. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा मी त्यांचा हात धरला. शर्टाची बटणंही बारा दिवस बायकोच लावून देत होती. ते सुमनबाईने मागून सांगितलं, एका दमात, पदर तोंडाला लावून.

मी रागावले. कशावर रागावले ते धड कळत नव्हतं, पण आवाज चढला. मी तुम्हाला शिंक आली तरी लिहा म्हटलं होतं ना, असं काहीतरी बोलले. देवराव ऐकत होते. मग म्हणाले,

"औषध फुकट देऊन राह्यले, गाडीभाडं देऊन राह्यले. अन् म्या म्हनाव का बोटं बधिर झाले? वाढलेल्या ताटाले नाव ठेवाव काय, ताई? अन् तुमीच त म्हने होत्या सगळ्यायसमोर, कुरकुर नाई करत म्हनून."

लोकांच्या घरी जेवताना आमच्याकडे भाजी खारट झाली तरी माणूस मागून घेऊन खातो, ती आपली रीत आहे. तीच रीत ते आमच्या औषधाशी पाळत होते, आणि ती पाळायला मीच त्यांना शाबासकी दिली होती.

मग मी त्यांना जे पहिल्याच दिवशी नीट सांगायला हवं होतं ते सांगितलं. म्हटलं, देवराव, हे ताट तुम्हाला वाढलेलं नाही. तुम्ही चाखून सांगायला बसलेले आहात. तुम्ही ठीक म्हणालात म्हणून सोमवारी पुढच्या तिघांच्या पानात याहून जास्त पडणार आहे.

पाटात पाणी चालू होतं, ते बंद करायला सुमनबाई गेली आणि परत आली.

"म्या सांगतलं त माही गोळी बंद होईन काय?"

मी खोटं बोलू शकले असते. मोह झाला नाही असं नाही. त्यांची कळ कमी झाली होती, भाकर जात होती, आणि ते औषधानेच असेल अशी मलाही मनातून आशा होती. मी म्हटलं, होऊ शकते. बहुतेक होईलच.

"ते पुढचे तिघं कोन हायेत?"

"ते सांगता येत नाही."

"आपल्याकडचं हाय कोनी?"

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे हाय." मग सुमनबाईकडे न बघताच म्हणाले, "पेन आन."

डायरी माझ्या पिशवीत होती. आमच्या धंद्याचा एक कडक नियम आहे. लिहिलेलं कधी खरवडायचं नाही, गिरवायचं नाही, पान फाडायचं नाही. चुकलं तर त्यावर एकच आडवी रेघ, शेजारी खरं काय ते, आणि सही. खोडलेलं वाचता आलं पाहिजे. माणूस आधी काय म्हणाला आणि नंतर काय म्हणाला, दोन्ही दिसलं पाहिजे. मी हा नियम नव्या मुलींना शेकडो वेळा शिकवला असेल, पण त्याचा अर्थ मला त्या लिंबाखाली कळला.

देवराव आठवून आठवून सांगत होते, सुमनबाई मध्येच दुरुस्त करत होती आणि मी लिहीत होते. अकराव्या दिवशी बोटांच्या टोकांना मुंग्या. पंधराव्या दिवशी गार पाण्यात हात घातला की सुया टोचल्यासारखं. सतराव्यापासून बटण लागत नाही. बाविसाव्यापासून जुडी बांधता येत नाही. रेघ आणि सही मात्र त्यांनाच करायची होती. पेन बोटांत राहीना, म्हणून ते मुठीत धरलं, खुरपं धरतात तसं. अठरा 'ठीक' खोडले आणि अठरा सह्या केल्या. मी मध्ये म्हटलं, थोडं थांबू या. ते म्हणाले, एकदा बसलो की वाफा पुरा करून उठायचा. शेवटच्या सहीला ऊन पार कलंडलं होतं.

मी वॉर्डात शूर माणसं पुष्कळ पाहिली. ऑपरेशनला हसत जाणारी, मरताना घरच्यांना धीर देणारी. पण आपली आशा आपल्याच हाताने, एकेक रेघ मारून, कोणा अनोळखी माणसासाठी खोडणारा माणूस मी तो एकच पाहिला. डॉक्टरांना मी ती डायरी दाखवली तेव्हा त्यांनी एकेक पान उलटलं आणि चष्मा पुसत बसले. माझी चूक मी सगळ्यांसमोर सांगितली. जशी शाबासकी सगळ्यांसमोर दिली होती, तशीच.

सोमवारी डोस वाढला नाही. त्याच डोसवर आणखी तिघे घेतले, त्यांतल्याही एकाची बोटं बधिर झाली, आणि औषध एक पायरी खाली आलं. मेडशीच्या बाईंना तो खालचा डोस मिळाला. त्यांना तो मानवला. पुढे दोन हिवाळे त्या माझ्याकडे येत होत्या, आणि आल्या की लोकरीचं काहीतरी विणत बसायच्या. त्यांची ती चालती बोटं बघितली की मला कामात लक्ष देणं अवघड जायचं. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. सांगायची परवानगीच नव्हती.

देवरावांची गोळी दोन आठवडे थांबवली, बोटं तेवढ्यात सुधारली नाहीत, आणि नियमाप्रमाणे ते चाचणीतून बाहेर पडले. कळ परत सुरू झाली. आम्ही कळ दाबायची औषधं दिली, जेवढं करता येतं तेवढं केलं. मी फोन करत राहिले. फोनवर ते फक्त माझ्या तब्येतीची चौकशी करायचे.

ते गेल्यावर काही दिवसांनी मी सुटीत रिसोडच्या घरी आले होते, तिथे सुमनबाई आली. चाचणीतून बाहेर पडताना पुढच्या महिन्यासाठी दिलेली डायरीची कोरी पानं त्यांच्याकडेच राहिली होती, ती परत घ्यायची मी विसरले होते. ती आता परत आणली होती. कोरी नव्हती.

"तुमाले कामी येईन म्हने," ती म्हणाली. "रोज लिहे. तुमी म्हने होत्या ना, काहीबी झालं त लिहा."

आम्हाला खरोखरच ते हवं होतं. बोटं बधिर होतात एवढं समजलं होतं. औषध थांबवल्यावर ती परत जागी होतात का, किती दिवसांनी, हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि पुढच्या प्रत्येक पेशंटला ते सांगावं लागणार होतं. देवरावांनी ते आपल्या मापाने मोजून ठेवलं होतं. आधी मुठीतलं मोठं अक्षर, मग पानागणिक बारीक होत गेलेलं. 'एक जुडी बांधली. सुटली.' 'आज दोन. एक सुटली.' 'वरचं बटन लागलं.' 'पाच जुड्या. एकबी नाही सुटली.' एका पानावर लिहिलं होतं, 'पोट लय दुखते. पन ते औषधाचं नाही, ते माहं आधीचं हाय. त्यात धरू नये.' मी वॉर्डात रडत नाही, ती सवय मोडली की काम होत नाही. त्या दिवशी मात्र सुमनबाईनेच मला पाणी आणून दिलं.

शेवटच्या पानावर, ते जाण्याच्या तीन दिवस आधीची नोंद आहे. अक्षर बारीक, सरळ, पहिल्या आठवड्यातल्यासारखं.

'आज जुडी नाही बांधली. बोटं ठीक हायेत. उठता नाही आलं म्हनून.' आणि खाली सही.

प्रत्येक त्रासाचा एक कागद असतो, आणि त्याच्या तळाशी तो त्रास पुढे कसा संपला याचे चौकोन असतात. नागपूरला गेल्यावर मी देवरावांचा कागद काढला. बोटांचा बधिरपणा. सुरुवात, अकरावा दिवस. शेवट कसा झाला, त्यापुढे तीन चौकोन होते. चालू आहे, मृत्यू, बरा झाला. डायरी पुन्हा एकदा वाचली, आणि नियमाने जिथे करायला हवी तिथे खूण केली. बरा झाला.